जुन्या गाडीची कूलंट गळती: आधी शोध, मग पाना

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात दर आठवड्याला वरून पाणी घालावं लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जातंय, एवढं नक्की. तरी जुन्या गाड्यांचे मालक महिनोन्‌महिने नुसतं पाणी ओतत राहतात, कारण गळती सापडत नाही. ती सापडत नाही याचं कारणही ठरलेलं असतं. गाडी गरम, इंजिन चालू, आणि खाली पडणारा थेंब बघून वरच्या भागाचा अंदाज बांधला जातो. पंख्याचा वारा कूलंट मागं उडवतो, ते पट्ट्यावर पडून आणखी पसरतं, मग एखाद्या ब्रॅकेटवरून ओघळत भलतीकडेच टपकतं. थेंबापासून खरी जागा हातभर लांब असू शकते. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी निम्मा वेळ शोधण्यात घालवा. दुरुस्ती त्यामानानं सोपी असते.

कामाला हात लावण्याआधी इंजिन पूर्ण गार हवं. वरचा होज पाइप हाताला थंड लागला पाहिजे आणि दाबल्यावर मऊ वाटला पाहिजे. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सियसला उकळतं. १५ पीएसआय, म्हणजे जवळपास १ बार दाबाखाली तेच १२९ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यामुळे ११५ अंशांना शांत दिसणारं कूलंट रेडिएटरचं झाकण फिरवताच वाफ होऊन उसळतं आणि हात-तोंड भाजतं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. स्टँड लावा, चाकांना ठोकळे द्या.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पक्कं विषारी असतं. कुत्री-मांजरी ते चाटतात आणि थोडं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच ठेवा, सांडलेलं लगेच पुसा. जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. वापरलेलं तेल जिथं गोळा करतात तिथं बहुधा तेही घेतात.

जागा कशी शोधायची

आधी गळतीचा वेग मोजा. गार इंजिनवर कूलंटच्या टाकीतल्या पातळीला चिकटपट्टीची खूण करा, नेहमीसारखी गाडी चालवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गार असताना बघा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चारही चाकांच्या जागा आखून ठेवल्या, तर सकाळी डाग नेमका कशाच्या खाली पडलाय ते कळतं. डाग रंगहीन आणि बिनवासाचा असेल आणि एसी चालवला असेल, तर ते एसीचं पाणी आहे. कूलंट बोटांना किंचित तेलकट लागतं आणि त्याला गोडसर वास असतो.

मग टॉर्च घेऊन बोनेटखाली बघा. ओला भाग शोधण्यापेक्षा सुकलेला माग शोधा. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि मागं हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खपली राहते. ही खपली जिथं सगळ्यात वर आहे तिथून सुरुवात करा. होजच्या टोकांखाली, पंपाच्या पोटाशी, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेच्या) जोडाखाली आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या शिवणीवर छोटा आरसा फिरवा. इंजिन फारच मळलेलं असेल तर आधी धुऊन कोरडं करा, नाहीतर दहा वर्षांचे माग एकमेकांत मिसळलेले दिसतील.

सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे हातपंपाचा प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपासारखंच ते काम करतं, फक्त वर दाबाचा काटा असतो. रेडिएटर किंवा टाकी काठोकाठ भरा, झाकणाच्या जागी टेस्टरचा अडॅप्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. त्यापेक्षा जास्त नको; जुनी टाकी तिथंच तडकेल. पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली येत असेल तर गळती आहे, आणि आता इंजिन बंद, पंखा बंद, वारा नाही. थेंब जिथून निघेल तिथंच दिसेल. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा, डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो.

काटा स्थिर राहिला तर लगेच निश्चिंत होऊ नका. काही गळत्या फक्त गार असताना होतात: रबर आणि धातू आकसतात, क्लिप सैल पडते, आणि इंजिन तापलं की जोड आपोआप घट्ट होतो. काही फक्त तापल्यावर होतात, कारण टाकीतली बारीक चीर तेव्हाच उघडते. म्हणून एक चाचणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करा आणि दुसरी कोमट इंजिनवर. तरीही माग लागला नाही, तर कूलंटमध्ये घालायचा यूव्ही रंग मिळतो. तो घालून दोन-चार दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही दिव्यानं बघा.

झाकणापासून सुरुवात करा

सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. झाकणात दोन झडपा असतात. एक जास्तीचा दाब बाहेर सोडते, दुसरी इंजिन गार होताना टाकीतलं कूलंट परत आत घेते. पहिलीचं रबर कडक झालं की कूलंट कमी दाबातच बाहेर ढकललं जातं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर सांडतं. गाडी उभी असताना डाग शोधून सापडत नाही. दुसरी अडकली की गार झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल तरी कूलंट परत येत नाही, हवा येते. तीही हातानं तपासा. रबर चिरलेलं, दबलेलं किंवा फुगलेलं असेल तर झाकण बदला. आकडा तोच हवा: ०.९ बार म्हणजे १३ पीएसआय, १.१ बार म्हणजे १६ पीएसआय. फार जुन्या गाड्यांत ७ पीएसआयचीही झाकणं असत. तशा रेडिएटरवर १६ चं झाकण बसवलं की त्याच्या डाख दिलेल्या शिवणी उघडतात.

होज पाइप आणि क्लिपा

जुन्या गाडीत गळतीचा पहिला संशय इथंच घ्यावा. होज बाहेरून चांगला दिसतो म्हणून सोडून देऊ नका, कारण तो बहुधा आतून फाटतो. गार होज क्लिपपासून साधारण ५ सेंटीमीटरवर अंगठा आणि बोटांत धरून दाबा, मग तसाच मधोमध दाबा. टोकाजवळ मऊ लागतो आणि मधे टणक, किंवा दाबताना आत कुरकुर जाणवते, म्हणजे आतल्या थरात उभ्या चिरा पडल्यात. तेलानं भिजलेला, फुगलेला किंवा काचेसारखा कडक झालेला होजही बाद. एक होज गेला तर त्याच वयाचे बाकीचे सगळे एकदमच बदला. नवा भाग पूर्ण दाब धरतो, आणि आतापर्यंत गळतीमुळे कधीच पूर्ण दाब न आलेला शेजारचा कमकुवत होज पुढच्या आठवड्यात फुटतो.

कूलंट आधी स्वच्छ बादलीत काढा. चार सिलिंडरच्या इंजिनात साधारण ४ ते ७ लिटर निघतं. रेडिएटरच्या तळाचा प्लॅस्टिकचा कॉक जुना असेल तर तो पिळू नका, तुटतोच. त्याऐवजी खालचा होज सैल करा आणि बादली मोठी ठेवा. जुना होज ओढून काढण्याचा हट्टही नको, कारण रेडिएटरचं तोंड पितळेचं, अॅल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं आणि पटकन वाकतं किंवा मोडतं. होजवर लांबीच्या दिशेनं चाकूनं चीर द्या आणि केळीच्या सालीसारखा सोलून काढा. चाकू मात्र तोंडाच्या धातूत उतरू देऊ नका.

आता ते तोंड नीट बघा, कारण नवा होज लावूनही गळती राहते ती इथं. जुन्या रबराचा पापुद्रा, पांढरी बुरशीसारखी झीज आणि बारीक खड्डे बारीक पॉलिश पेपरनं गोलाकार घासून गुळगुळीत करा. लांबीच्या दिशेनं घासू नका. त्या उभ्या ओरखड्यांतूनच पाणी वाट काढतं. आत कागदाची धूळ पडू नये म्हणून तोंडात फडकं कोंबा, आणि ते काढायला विसरू नका.

नवी क्लिप आधी होजवर सरकवा, तोंडाला थोडं कूलंट लावा आणि होज पूर्ण आत ढकला. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि होज दाबाखाली घसरतो. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागं, होजच्या टोकापासून ३ ते ६ मिलीमीटर आत बसली पाहिजे. उंचवट्यावरच बसलेली क्लिप कितीही आवळली तरी गळते. स्क्रूची क्लिप आवळताना कडेचं रबर किंचित वर आलं की थांबा. त्यापुढं पट्टी रबर कापते. मूळ स्प्रिंगच्या क्लिपा सुस्थितीत असतील तर त्याच परत वापरा. रबर आकसलं की त्या आपोआप आवळतात, स्क्रूची क्लिप आवळत नाही.

थर्मोस्टॅटचा जोड आणि पाण्याचा पंप

थर्मोस्टॅटच्या टोपणाचे बोल्ट बहुधा ६ मिलीमीटरचे असतात आणि गंजून तिथंच मोडतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घाला. बोल्ट सुटताना करकरला की थांबा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. असं मागं-पुढं करत काढा. टोपणाची बसण्याची बाजू सपाट आहे का ते काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. अॅल्युमिनियमला खोल खड्डे पडले असतील तर टोपणच बदला, दोन-दोन पॅकिंग लावून भागवू नका. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा. कागदी पॅकिंगला सिलिकॉन लागत नाही, लावलंच तर बोटानं पसरलेला पातळ थर पुरे. नुसता सिलिकॉनचा जोड असेल तर २ ते ३ मिलीमीटरची अखंड रेघ द्या आणि ट्यूबवर दिलेला वेळ, बहुतेक वेळा २४ तास, तो सुकू द्या. जास्त सिलिकॉन आत लोंबतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि हवा सोडणारं बारीक भोक किंवा हलती पिन सगळ्यात वर. बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटरनं, आलटून-पालटून.

पंपाच्या पोटाशी एक लहान भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्यातून बाहेर यावं, हा त्याचा हेतू. तिथून रेघ ओघळलेली असेल किंवा पुली हातानं हलवल्यावर खडखडत असेल, तर पंप संपला. हे भोक एम-सीलनं बुजवू नका: पाणी बेअरिंगमध्ये जाईल, पंप अडकेल आणि पट्टा तुटेल.

पट्टा बाहेरून दिसणारा पंप घरी बदलता येतो. पुलीचे बोल्ट पट्टा ताणलेला असतानाच थोडे सैल करा. पट्टा काढल्यावर पुली हातात फिरत राहते आणि बोल्ट सुटत नाहीत. पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. पाण्याच्या मार्गात उतरणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पाणी आट्यांतून बाहेर येईल आणि नव्या पंपाला दोष लागेल. पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या आतल्या पट्ट्यावर, चालत असेल, तर त्या इंजिनच्या खुणा माहीत असल्याशिवाय हात घालू नका. बेल्ट एक दात चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

रेडिएटर

अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेला रेडिएटर असेल तर वरची टाकी बघा. प्लॅस्टिक तपकिरी आणि ठिसूळ होतं, आणि वरच्या होजच्या तोंडाशी केसासारखी चीर जाते. चिरीवर दोन भागांचं इपॉक्सी लावता येतं: ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, चीर व्ही आकारात थोडी कोरा, स्पिरिटनं पुसा, भरा आणि पूर्ण सुकू द्या. पण हे नवा रेडिएटर येईपर्यंतचंच काम आहे. तापलं की प्लॅस्टिक आणि इपॉक्सी वेगवेगळं प्रसरण पावतात आणि जोड सुटतो. शिवणीवर ओलावा असेल तर आतलं रबर बसलेलं असतं; पत्र्याचे दात पकडीनं दाबून काही काळ थांबतं, कायमचं नाही.

तांबं-पितळेचा जुना रेडिएटर मात्र डाख देऊन खरोखर दुरुस्त होतो. तो टाकून देऊ नका. काढून रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या आणि पाण्यात बुडवून दाबाची चाचणी करून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत तेलाचे पाइपही रेडिएटरला जोडलेले असतात. ते सोडताना दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला. कूलंटवर गुलाबी दुधाळ थर दिसला तर आतला तेलाचा कूलर फुटलाय. तशी गाडी चालवू नका, गिअरबॉक्स जाईल.

आत झिरपणारी गळती

पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला, काचेवर पुसून न जाणारा चिकट धूसर थर आणि गोड वास असेल, तर हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, फुटलाय. डॅशबोर्ड उतरवायचं मोठं काम लगेच जमणार नसेल, तर इंजिनच्या बाजूला हीटरचे दोन होज काढून त्यांच्या जागी एकच होज यू आकारात जोडा. नुसती तोंडं बंद करू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट याच वाटेनं फिरतं.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाट्या, म्हणजे कोअर प्लग, बसवलेले असतात. ते आतून गंजतात आणि एखाद्या मॅनिफोल्डमागं (सिलिंडरांना जोडलेल्या हवेच्या किंवा धुराच्या नळ्यांमागं) गुपचूप झिरपतात. प्लग काढताना त्याच्या एका कडेवर पंच ठेवून ठोका, म्हणजे तो आडवा फिरतो, मग पकडीनं ओढा. आत पाडू नका. भोकाची कडा घासून स्वच्छ करा, सीलंटचा पातळ थर द्या आणि नवा पितळी प्लग, वाटीच्या आतल्या मापापेक्षा जरा लहान सॉकेट धरून, सरळ ठोका. पितळ गंजत नाही, म्हणून तेच घ्या.

बाहेर कुठंच थेंब नाही आणि पातळी घसरतेच आहे, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांमधल्या पॅकिंगचा, संशय घ्या. गार इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो पाण्याच्या उष्णतेचा दाब नाही, सिलिंडरमधला वायू आहे. रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे, पांढरा गोडसर धूर, एका स्पार्क प्लगचं टोक बाकीच्यांपेक्षा फारच धुतल्यासारखं स्वच्छ, या सगळ्या खुणा जुळतात. तेलाच्या झाकणाखाली थोडा दुधाळ फेस एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. थोड्या अंतराच्या फेऱ्यांनीही तो धरतो. निळ्या द्रवाची रासायनिक चाचणी घरी करता येते: तोंडाजवळचं कूलंट थोडं कमी करा, नळीतून वरची हवा खेचा, त्या हवेत जळलेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ते झालं तर हेड उतरवणं आलं, आणि उतरवलेलं हेड सपाट आहे का ते तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवण्यात अर्थ नाही.

गळती थांबवणारी बाटली ओतायचा मोह इथंच होतो. ती पावडर गळतीबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. रस्त्यात अडकलात तर त्यापेक्षा चांगला उपाय आहे: फुटलेला होज पुसून त्यावर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा, पाणी भरा, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा म्हणजे दाब चढणार नाही, आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून हळू जा. दाब नसला की पाणी लवकर उकळतं, म्हणून चढावर आणि गर्दीत थांबत जा.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट तपकिरी निघालं असेल तर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. मात्र धुतल्यावर बरंच पाणी ब्लॉकमध्येच राहतं. तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मं शुद्ध कूलंट आधी घाला, म्हणजे ६ लिटरच्या यंत्रणेत ३ लिटर, आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरा. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. रंग बघून कूलंट निवडू नका, वेगवेगळ्या प्रकारांना एकच रंग असू शकतो. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार घ्या. तांबं-पितळेच्या जुन्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं सिलिकेट असलेलं कूलंट मानवतं, पण ते दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

गाडीचं तोंड थोडं उंचावर घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि अगदी हळू भरा. त्यातून बुडबुड्याशिवाय धार आली की बंद करा. होज हातानं दाबत राहा. पंख्यासाठी काढलेली बॅटरीची वायर परत लावा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, पातळी खाली जाईल तसं घालत जा. वरचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हीटरमधून गरम हवा यायला हवी. काटा वर आणि हीटर गार, याचा अर्थ आत हवा अडकलीय, लगेच बंद करा आणि गार झाल्यावर पुन्हा भरा. पंखा एकदा सुरू होऊन थांबेपर्यंत चालू द्या. पातळी तोंडाशी चढू लागली तर त्याआधीच झाकण लावा.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर स्क्रूच्या क्लिपा एकदा पुन्हा तपासून घ्या, रबर पहिल्या तापण्यात बसतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरेल, ती उरलेली हवा आहे, खुणेपर्यंत भरा. त्यानंतरही उतरत राहिली, तर पुन्हा प्रेशर टेस्टर लावा, आणि या वेळी दाब देऊन रात्रभर तसाच ठेवा. सकाळी काटा पडलेला असेल आणि खाली डाग नसेल, तर सगळे स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन स्टार्टरवर फिरवा. ज्या सिलिंडरमधून पाणी उडेल तिथं गळती आहे.